कानाची परीक्षा, मुक्काम कोल्हापूर

हाय-फाय म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी हे निर्धास्त वाचावं. ज्यांना माहीत आहे त्यांनी जरा जपून.

आम्ही ठाण्यातली सहा माणसं दर रविवारी सकाळी एका सभासदाच्या घरी जमतो आणि लाउडस्पीकर ऐकतो. गाणं नव्हे, लाउडस्पीकर. गाणं कुणाचं, कसं झालंय, हे आमच्यात कुणी विचारत नाही. खोलीच्या फरशीवर खडूने चार खुणा केलेल्या आहेत. त्यांवर खुर्चीचे चार पाय ठेवायचे. आवाज 'बरोबर' ऐकू येतो तो फक्त त्या एका खुर्चीत, म्हणून प्रत्येकाला दहा मिनिटं. उरलेले पाच जण आपली पाळी येईपर्यंत भिंतीला टेकून चुकीचा आवाज ऐकत बसतात. पंखा बंद, खिडक्या बंद, खोकला आल्यास स्वयंपाकघरात जायचं.

मी, माधव सोहोनी, या मंडळाचा चिटणीस. शिवाय एका मासिकात मी लाउडस्पीकरांवर लिहितो. 'रुपेरी उच्चस्वर' आणि 'मखमली खर्ज' हे शब्दप्रयोग मराठीत मी आणले, असं निदान माझं मत आहे.

एक गोष्ट मात्र मी मंडळात सांगितलेली नव्हती, घरीही नाही. आदल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी मला तपासून सांगितलं होतं, "वरचे सूर तुम्हाला येत नाहीत. वय झालं की होतं असं." मी विचारलं, "किती वरचे?" ते म्हणाले, "चिमण्यांपासून पुढचे सगळे." त्यांनी दिलेला कागद मी सतारीच्या एका तबकडीच्या पाकिटात घालून ठेवला, आणि त्यानंतर रुपेरी उच्चस्वरांवर तीन लेख लिहिले.

अशात कोल्हापूरहून आप्पा चव्हाणांचं पत्र आलं. त्यांचं शाहूपुरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि ते माझे वाचक. पत्र असं होतं: "साहेब, आम्ही हितं हाय-फायचं प्रदर्शन लावतोय. शेवटच्या दिवशी लाउडस्पीकरच्या पेट्यांची तुलना. परीक्षक तुम्ही. न्हाय म्हणायचं न्हाय."

मंडळात हे वाचून दाखवल्यावर पाचही सभासद हसले. कोल्हापुरात कुस्ती ऐकायला येईल, हाय-फाय कसलं, असं एकाने म्हटलं. मीही हसलो, आणि तिकीट काढलं. इतकी वर्षं लेख लिहून परीक्षक म्हणून मला कोणी बोलावलं नव्हतं, हे कुणाच्या लक्षात यायच्या आत मला निघायचं होतं.

शुक्रवार, शाहूपुरी

आप्पांचा आवाज असा, की मी डब्यातून उतरायच्या आधीच सोहोनी आले आहेत हे सगळ्या स्टेशनला कळलं. मी पाय खाली ठेवतो न ठेवतो तोच त्यांनी माझी बॅग स्कूटरला अडकवली.

"प्रवास कसा झाला?" हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते, "मिसळ खाणार का आधी आंघोळ?"

"आंघोळ," मी म्हणालो.

"मग मिसळच खाऊ. पाणी सातशिवाय येत न्हाय."

मिसळीबद्दल मी फार लिहीत नाही. तिखटाने माझ्या कानात घंटा वाजू लागल्या, आणि बऱ्याच दिवसांनी काही वरचं ऐकू आलं म्हणून मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. आठ स्टॉल, आठ गाणी, सगळी एकाच वेळी. आत शिरल्यावर माझा पहिला विचार असा, की हे सगळं बंद करून एकेक ऐकवावं. तसं मी आप्पांना म्हटलंही. ते म्हणाले, "बंद केलं तर लोकास्नी वाटंल लाइट गेली. निघून जातील."

ठाण्यात आम्ही लाउडस्पीकरला हात लावत नाही. इथं लोक आधी हात लावत आणि मग कान. तालमीतला एक पैलवान प्रत्येक पेटीच्या जाळीवर पंजा ठेवून उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "ह्यात दम हाय," किंवा, "ह्यात न्हाय." माझ्या एका लेखात याच गोष्टीला अडीच पानं लागली होती.

सगळ्यात झोकदार स्टॉल मुंबईच्या एका कंपनीचा होता. तिथं कर्णिक नावाचे विक्री अधिकारी टाय बांधून उभे. एक शेतकरी पेटीवर कलिंगडावर वाजवावं तशी टिचकी वाजवून त्यांना विचारत होता, "रानात लावली तर डुकरं पळतील का?"

"याचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स बघा," कर्णिक म्हणाले.

"ते बघतो सावकाश. डुकराचं सांगा."

त्याच स्टॉलपाशी एक जोडपं उभं होतं. आप्पांनी ओळख करून दिली. कोडोलीचे नामदेव आणि शेवंताबाई. पंचक्रोशीतल्या लग्नांना आणि जत्रांना कर्णे लावायचा यांचा धंदा. नामदेव पेटीवर हात ठेवून गप्प होते. बोलत होत्या त्या शेवंताबाई, कर्णिकांशी एका आवाजात आणि नवऱ्याच्या कानाशी लागून चौपट आवाजात.

"आमच्या मालकास्नी आता काय ऐकू येत न्हाय," त्यांनी मला सरळ सांगून टाकलं. "वीस वर्सं कर्ण्याखाली बसल्यात. आता मी बांधावर जाऊन हुभी ऱ्हाते. आवाज पोचला की हात वर करते. बंद पडला तरी हात वर करते."

"दोन्हीला हातच वर? मग त्यांना कळतं कसं?"

"वरडते की संगट."

नामदेव माझ्याकडे बघून हसले. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्यांना कळत होतं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मला मात्र त्यांच्याकडे फार वेळ बघवेना. मी पुढच्या स्टॉलकडे गेलो.

संध्याकाळी आप्पांनी मला गंगावेशीत दूध प्यायला नेलं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या. तुमच्यासमोर धार काढायची आणि फेसासकट पेला तुमच्या हातात. ठाण्यात आम्ही पहाटे दूध केंद्रावर कार्ड दाखवून बाटल्या आणतो. म्हैस आणि आमची गाठ पडत नाही. मी पहिला घोट घेतला तेव्हा इथली म्हैस माझ्याकडेच बघत होती. मी तिला मनातल्या मनात नमस्कार केला आणि पेला संपवला.

शनिवार, शिवाजी पेठ

बाकीच्या स्टॉलवाल्यांना नुसती विक्री करायची होती, म्हणून तुलनेला शेवटी पेट्यांच्या दोनच जोड्या उरल्या होत्या. एक मुंबईची आणि दुसरी शिवाजी पेठेतल्या इस्माईल मिस्त्रींची. गावात नवं सभागृह बांधून होत आलं होतं, आणि जी जोडी जिंकेल तीच तिथं बसवायची असं सभागृहाच्या कमिटीने ठरवलेलं. हे मला कोल्हापुरात आल्यावर कळलं. ठाण्यात माझ्या मतामुळे फार तर एखाद्या सभासदाचा रविवार खराब होई.

आप्पा मला मिस्त्रींच्या कारखान्यात घेऊन गेले. वाटेत पेठेत जो भेटला तो आदल्या दिवशीच्या फुटबॉलच्या मॅचबद्दल बोलत होता. एका दुकानदाराने तर माप करायचं सोडून आम्हाला गोल कसा चुकला ते तराजूच्या दांडीने दाखवलं.

"मिस्त्री जिंकायला पायजे," आप्पा चालता चालता म्हणाले.

"परीक्षकाला असं सांगू नये, आप्पा."

"सांगत न्हाय. नुसतं बोलायलोय."

मिस्त्री साठीचे असावेत. दाढीत भुसा. तीन पिढ्या सुतारकाम. आधी पलंग आणि कपाटं, मग रेडिओच्या पेट्या, आता या. भिंतीला टेकून उभ्या केलेल्या सागवानी पेटीचं मागचं झाकण त्यांनी उघडून दाखवलं. आत काळी लोकर ठासून भरलेली होती.

"घोंगड्याची," ते म्हणाले. "आवाज आत आपटून माघारी येऊ ने म्हणून. परदेशी बुकात कायतरी काचेचं सांगितलंय. ते आमास्नी कुठलं मिळायला? धनगराकडनं ही आणली."

त्यांनी झाकण बसवून एक तबकडी लावली. आवाज गोड होता, इतकं मला नक्की कळलं. मी डोळे मिटून थोडा वेळ थांबलो आणि म्हणालो, "मखमली आहे."

मिस्त्रींनी विचारलं, "म्हंजे चांगलं का वाईट?"

चौदा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "म्हणजे मखमली." ते विचारात पडले. मीही पडलो. मग त्यांच्या सुनेने चहा आणला, आणि दोघांचीही सुटका झाली.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "साहेब, हे काम मिळालं तर माझं पोरगं पुन्यास्नं परत येईल म्हणतंय. पर तुमी तसलं काय मनात धरू नका. कानाला पटंल त्येच सांगा."

कानाला! जेवताना माझं लक्ष नव्हतं. आप्पांच्या घरचा तांबडा रस्सा मी तीन वाट्या प्यालो, तो तिखट आहे हे चौथ्या वाटीला समजलं.

रविवार, मंगल कार्यालय

सकाळी दहाला कार्यालय भरलं. लग्नात वधूवरांना बसवतात त्या स्टेजवर पडदा लावून मागे दोन्ही जोड्या मांडल्या होत्या. पडद्यापुढे लोकांकडे तोंड करून माझी खुर्ची. गळ्यात हार. खुर्चीखाली खडूच्या खुणा नव्हत्या, पण आता त्यांची काळजी करण्यात अर्थ नव्हता.

तुलना सुरू होण्याआधी कर्णिकांनी एक यंत्र पुढे आणलं. त्यातून एक बारीक शिट्टीसारखा सूर निघे आणि हळूहळू वर चढत जाई. "मंडळी, एक गंमत," ते म्हणाले. "सगळ्यांनी हात वर करा. सूर ऐकू येतोय तोवर हात वर ठेवायचा. थांबला की खाली. परीक्षकांनीही भाग घ्यावा."

लोकांनी हात वर केले. मीही केला. मनात ठरवलं, की निम्मे हात खाली गेले की आपला खाली घ्यायचा. सूर मला पाच-सात सेकंद ऐकू आला असेल, नंतर काही नाही. आधी म्हाताऱ्यांचे हात गेले, मग मध्यमवयीनांचे. निम्मे झाले. पण परीक्षकाचा हात निम्म्यांबरोबर खाली जावा हे बरं दिसेना. मी ठेवला. पैलवानाचा गेला. कॉलेजच्या मुलांचे गेले. शेवटी समोरच्या रांगेत फक्त शेवंताबाईंचा हात वर राहिला. मी ठरवलं, यांच्याबरोबरच आपला खाली. त्यांच्या हातावर नजर लावून मी बसलो. सूर किती नाजूक आहे हे दाखवायला मी मानही थोडी डोलावली.

शेवंताबाई मोठ्याने म्हणाल्या, "पावणं, मशीन कवाच बंद झालंय की! त्येच सांगाय हात वर केलाय मी. खाली घ्या, दुखंल."

मग सगळं कार्यालय हसलं.

कर्णिक चटकन पुढे झाले. "जाणकारांच्या कानात सूर थांबल्यावरही घुमत राहतो!" ते म्हणाले. लोकांना ते पटलं. काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग आप्पांनी दहा मिनिटांचा चहा जाहीर केला.

चहाचा कप घेऊन कर्णिक माझ्या शेजारी येऊन बसले. "सांभाळून घेतलं, साहेब," ते हळूच म्हणाले. "कुणाला काही कळलेलं नाही. तुम्ही मासिकात लिहिता, आमचे साहेब ते मासिक चालवणाऱ्यांना चांगले ओळखतात. हे बाहेर जायचं कारण नाही. आमची जोडी डावीकडे आहे. तुम्हीही सांभाळून घ्या."

ते इतक्या आपुलकीने बोलले, की मी "आभारी आहे" म्हणून गेलो. मग चहा गार होईस्तोवर बसून राहिलो. समोर मिस्त्री धुतलेला सदरा घालून भिंतीशी उभे होते. त्यांनी लांबूनच मला सलाम केला. डावीकडची जोडी चांगली म्हटली तर त्यांचं काम जाणार. उजवीकडची म्हटली तर कर्णिक तोंड उघडणार. आणि दोन्हींतली खरंच चांगली कुठली, हे मला अजून तीन दिवस ऐकूनही कळलं नसतं.

चहाची दहा मिनिटं संपली. मी उठून माइकपाशी गेलो. माइकने किंचाळून घेतलं. तेवढं मला ऐकू आलं.

"मंडळी," मी म्हणालो, "बाई म्हणाल्या ते खरं आहे. मला सूर ऐकू येत नव्हता. वर्षभर येत नाही. मी लबाडीने हात वर ठेवला होता."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग आलाय कशाला?"

"बोलावलं म्हणून," मी म्हणालो.

याच्यावर जो हशा पिकला तो मात्र निराळा होता. आप्पा उठून ओरडले, "गप्प बसा रे! गडी खरं बोलायलाय." पण परीक्षक आता कोण, हा प्रश्न होताच. मी म्हटलं, "या हॉलमध्ये सगळ्यांत चांगले कान कोणाचे ते आत्ताच सिद्ध झालंय. शेवंताबाईंनी निकाल द्यावा."

कर्णिकांचा चेहरा उतरला. "त्यांना संगीतातलं काय समजतं?"

"कायबी न्हाय," शेवंताबाई उभ्या राहत म्हणाल्या. "म्हणून तबकडी नको. ज्येचा आवाज मला ठावं हाय असं माणूस बोलू द्या त्यातनं. आमच्या मालकास्नी बोलवा."

मला कबूल करायला हवं, की इतकी सोपी कसोटी आमच्या मंडळाला कधी सुचली नाही. तबकडीत गाणारा प्रत्यक्षात कसा गातो हे आमच्यातल्या एकानेही ऐकलेलं नव्हतं.

नामदेवांना मागच्या कोठीच्या खोलीत माइकसमोर बसवून दार लावलं. 'बोला' म्हटलेलं त्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून आप्पा त्यांच्या खांद्यावर थाप मारायला आत थांबले. पडद्यामागे कोणती जोडी चालू आहे ते फक्त बटण दाबणाऱ्या कमिटीच्या माणसाला माहीत. डावी-उजवी कळू नये म्हणून त्याने पेट्यांच्या जागाही बदलल्या होत्या.

पहिल्या जोडीतून नामदेवांचा आवाज आला. वीस वर्षांच्या सवयीने ते तेच बोलले. "हॅलो... हॅलो... माइक टेस्टिंग... वन, टू, थ्री... वऱ्हाडी मंडळींनी सावकाश जेवावं... काय हवं-नको ते वाढप्यांस्नी सांगावं..."

लोक हसले. शेवंताबाई हसल्या नाहीत. डोळे बारीक करून ऐकत होत्या.

मग दुसरी जोडी. तीच वाक्यं, तोच क्रम.

"पयला रेडिओवरचा माणूस हाय," त्या म्हणाल्या. "ग्वाड हाय. पर आमचा न्हाय. दुसऱ्यात घसा खरखरतोय, मधीच धाप लागत्या. त्यो आमचा."

पडदा ओढला. दुसरी जोडी मुंबईची होती.

मिस्त्री भिंतीपासून पुढे आले, स्टेजवर चढले, मुंबईच्या पेटीला कान लावून कोठीतल्या आप्पांना ओरडून म्हणाले, "परत बोलाय लावा त्येला." नामदेव परत बोलले. मिस्त्रींनी स्वतःच्या पेटीला कान लावला. ते पुरतं एकदा, दोनदा ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "बाई बरोबर हायत." आणि कर्णिकांकडे वळून, "आत काय घातलंय हो तुमी?"

कर्णिकांना ते माहीत नव्हतं.

सभागृहाचं काम मुंबईच्या कंपनीला गेलं. हार काढून मी बाहेर पडत होतो तेव्हा कर्णिकांनी मला गाठलं. ते जिंकलेले, पण हैराण दिसत होते. "सोहोनी, तुम्ही नुसतं माझं ऐकलं असतं तरी निकाल हाच लागला असता! उगाच अब्रू घालवलीत."

मी हार त्यांच्या हातात दिला आणि निघालो.

सोमवार, पुन्हा शिवाजी पेठ

माझी गाडी संध्याकाळची होती. सकाळी मिस्त्रींची माफी मागावी म्हणून गेलो, तर कारखान्यात शेवंताबाई आणि नामदेव माझ्या आधी येऊन बसलेले. शेवंताबाईंना पेट्यांची एक जोडी हवी होती.

"रानात कर्णा ठीक हाय," त्या मिस्त्रींना सांगत होत्या. "पर मांडवात बसल्याल्या माणसाचं कान फुटत्यात. त्येंच्यासाठी पेटी पायजे. तुमची चालंल, फक्त एवढी ग्वाड नको. वऱ्हाडास्नी माणूस बोलतोय असं वाटाय पायजे."

मिस्त्री रुसलेले असतील, अशी माझी कल्पना होती. त्यांनी पेटीचं झाकण आधीच उघडलेलं होतं. "रातभर इचार केला," ते म्हणाले. "लोकर लई झाली. खरखर सगळी तीच गिळत्या." सभागृहाबद्दल मी काही बोलायला गेलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. "ते झालं. पोराला पत्र लिवलंय. येतंय का न्हाय बघू."

मग काम सुरू झालं. नामदेव अंगणात माइक धरून बसले. मिस्त्री पेटीतून मूठभर लोकर काढायचे, झाकण दाबून धरायचे आणि मला खूण करायचे. मी अंगणात जाऊन नामदेवांच्या खांद्यावर थाप मारायची. तेवढंच एक काम माझ्याकडे होतं, आणि ते मी चोख केलं. नामदेव म्हणायचे, "हॅलो... वऱ्हाडी मंडळींनी सावकाश जेवावं..." आत शेवंताबाई मान हलवायच्या. "अजून रेडिओच हाय."

आणखी एक मूठ. परत थाप. परत वऱ्हाड जेवायला बसलं.

पाचव्या की सहाव्या मुठीनंतर त्यांनी हात वर केला. "बास! आता ह्यो आमचा. असाच वरडतोय माझ्यावर."

जमिनीवर काळ्या लोकरीचा ढीग पडला होता. मिस्त्रींनी कपाळ पुसलं, आणि परीक्षक समोर आहे म्हणून असेल, किंवा नुसत्या रीतीने असेल, त्यांनी मला विचारलं, "साहेब, तुमास्नी काय वाटतं?"

मी म्हणालो, "मला फरक कळला नाही."

त्यांनी मान डोलावली आणि झाकणाचे स्क्रू आवळायला घेतले. शेवंताबाईंनी बाहेर जाऊन नामदेवांच्या हातातला माइक काढून घेतला, कारण ते अजून जेवण वाढतच होते.